ल्यूप्रोलाइडचे तिमाही इंजेक्शन : किडनीच्या बाजूने केलेले परीक्षण

प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दर तीन महिन्यांनी घ्यायच्या ल्यूप्रोलाइड इंजेक्शनाबद्दल रुग्ण जे लिहितात, त्यात अंगातून येणाऱ्या गरम वाफा, थकवा, हाडांची झीज आणि वैवाहिक जीवनातील बदल यांचा उल्लेख हमखास असतो. किडनीचा मात्र क्वचितच येतो. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, सत्तरी ओलांडलेला, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेला साताऱ्याचा रहिवासी आहे. माझी गाठ प्रोस्टेटच्या बाहेर मूत्राशयाच्या तळापर्यंत पोहोचलेली असल्याने रेडिएशनच्या जोडीने हॉर्मोनचे उपचार चालू आहेत. त्यामुळे या औषधाचे आणि ते देणाऱ्या बाह्यरुग्ण विभागाचे मूल्यमापन मी मुद्दाम एकाच बाजूने, म्हणजे किडनीच्या बाजूने करणार आहे. निकाल आधीच सांगतो : औषधाला पाचपैकी चार तारे, सेवेला अडीच.

औषधाबद्दल थोडक्यात. २२.५ मिलिग्रॅमची ही मात्रा पूड आणि द्रव अशा दोन भागांत येते, देण्याच्या वेळी एकत्र केली जाते आणि लगेच टोचावी लागते. पुरुषाच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉनवर प्रोस्टेटचा कर्करोग पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी अंडकोष काढणे हाच मुख्य उपाय होता. पुढे मेंदूतून सुटणाऱ्या संप्रेरकाची रचना अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांनी उलगडली (त्यांचे नोबेल १९७७ चे) आणि त्यातून ल्यूप्रोलाइडसारखी औषधे तयार झाली. हे औषध टेस्टोस्टेरॉन बनवण्याचा हुकूम सोडणाऱ्या मेंदूतळाच्या पीयूष ग्रंथीला आधी चेतवते आणि सतत चेतवत राहून अखेर थकवते. साधारण दोन ते चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली जाते. माझ्या बाबतीत ते तसे गेले, पीएसए हा प्रोस्टेटच्या कर्करोगाचा रक्तातील निर्देशांकही उतरला आणि उतरलेलाच राहिला. ज्या कामासाठी पैसे मोजले ते काम या औषधाने चोख केले, याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

किडनीच्या दृष्टीने पहिला नाजूक काळ सुरुवातीचाच असतो. ‘आधी चेतवते, मग थकवते’ याचा अर्थ पहिल्या आठवड्यात टेस्टोस्टेरॉन कमी होण्याऐवजी वाढते आणि त्याबरोबर गाठही काही काळ फुगू शकते. किडनीकडून लघवी आणणाऱ्या दोन्ही मूत्रवाहिन्या मूत्राशयाच्या तळाशी उघडतात, आणि माझ्यासारख्यांची गाठ नेमकी तेथेच असते. कालव्याचे दार खाली अडले की पाणी वर तुंबते आणि फुटतो तो वरचा बांध, हे मी नोकरीत पुष्कळ वेळा पाहिले आहे; येथे दार म्हणजे मूत्रवाहिनीचे तोंड आणि बांध म्हणजे किडनी. म्हणूनच पहिल्या इंजेक्शनाच्या आधीपासून आणि नंतर काही आठवडे टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणारी बायकॅल्युटामाइड ५० मिलिग्रॅमची गोळी देण्याची पद्धत आहे. ती मला वेळेवर दिली गेली आणि त्याआधी सोनोग्राफी करून किडनीला सूज नसल्याची खात्रीही करून घेतली गेली. याचे श्रेय माझ्या मूत्ररोगतज्ज्ञांना द्यायलाच हवे. ज्यांच्या मूत्रवाहिन्या आधीच दाबल्या गेल्या आहेत, त्यांनी या टप्प्यावर डिगॅरेलिक्सबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे. ते औषध पीयूष ग्रंथीला न चेतवता थेट रोखते, त्यामुळे सुरुवातीची ही उसळी येत नाही. त्याची पहिली मात्रा २४० मिलिग्रॅमची आणि पुढे दर महिन्याला ८० मिलिग्रॅमची असते, म्हणजे दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात आणि टोचलेल्या जागी दुखतेही जास्त. तरी तुंबलेल्या किडनीपुढे ती गैरसोय किरकोळच.

येथे एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. गाठीमुळे मूत्रवाहिनी अडलेली असेल, तर हॉर्मोनच्या उपचाराने गाठ आकसते, वाट मोकळी होते आणि किडनीचे काम सुधारते. मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट ही बारीक नळी घातलेल्या किंवा पाठीतून किडनीत नळी टाकलेल्या रुग्णांपैकी काहींची नळी पुढे काढता येते ती याच उपचारामुळे. तेव्हा ‘हॉर्मोनच्या इंजेक्शनाने किडनी जाते’ असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या गटावर असा एक संदेश फिरत असतो आणि तो वाचून इंजेक्शन टाळण्याचा विचार करणारे लोक मला भेटले आहेत.

त्या संदेशाचे मूळ बहुधा २०१३ मधील एका अभ्यासात आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील रुग्णनोंदी तपासून तो ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. १९९७ ते २००८ या काळात निदान झालेल्या आणि कर्करोग दूर पसरलेला नसलेल्या १०,२५० पुरुषांचा त्यात समावेश होता. सरासरी चार वर्षांच्या पाठपुराव्यात २३२ जणांना किडनीला अचानक इजा होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले. हॉर्मोनचे उपचार चालू असलेल्यांमध्ये अशी इजा होण्याची शक्यता, ते कधीच न घेतलेल्यांच्या तुलनेत, सुमारे अडीचपट आढळली. संदेशात हा ‘अडीचपट’ एवढाच भाग उरला आहे. त्याच अभ्यासातील दुसरा आकडा असा की दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे साडेचार जणांची भर पडली. भर पडली हे खरे, पण हजारातील बाकीच्यांना त्या वर्षी हा त्रास झाला नाही हेही तितकेच खरे. शिवाय हा नोंदींवर आधारलेला अभ्यास आहे. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही.

त्याच अभ्यासातील उपप्रकारांचे आकडे मला जास्त उपयोगी वाटले. केवळ इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये ही शक्यता दुपटीच्या आत, म्हणजे १.९३ पट होती. इंजेक्शन आणि बायकॅल्युटामाइडच्या गटातील गोळी दोन्ही एकत्र घेणाऱ्यांमध्ये ती साडेचारपट होती. म्हणून सुरुवातीच्या उसळीसाठी दिलेली गोळी ठरलेल्या मुदतीनंतर खरोखर थांबवायची आहे की चालू ठेवायची आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून कागदावर लिहून घ्यावे. आमच्याकडे मेडिकलवाला जुनी चिठ्ठी पाहून गोळ्यांचे पाकीट देत राहतो आणि रुग्णही घेत राहतो. काही रुग्णांना ती गोळी मुद्दाम दीर्घकाळ दिलेली असते, त्यांनी ती स्वतःहून बंद करू नये. पण चालू आहे ती हेतुपूर्वक आहे की केवळ सवयीने, एवढे तरी कळले पाहिजे.

असे का होत असावे, याचे स्पष्टीकरण दोन अंगांनी दिले जाते. टेस्टोस्टेरॉन किडनीतील रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करते, आणि पुरुषाच्या शरीरातील इस्ट्रोजेनही बहुतांशी टेस्टोस्टेरॉनपासूनच बनते. दोन्ही एकदम कमी झाल्याने किडनीचा रक्तपुरवठा आणि ताण सोसण्याची क्षमता घटत असावी, असा तर्क आहे. दुसरे अंग चयापचयाचे आहे आणि त्याचा पुरावा अधिक भक्कम आहे. ७३ हजारांहून अधिक अमेरिकन पुरुषांच्या २००६ मधील अभ्यासात या गटातील इंजेक्शने घेणाऱ्यांमध्ये नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी अधिक आढळले होते, आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या माहितीपत्रकात मधुमेह आणि हृदयविकार यांविषयीचा इशारा घालायला लावला. मधुमेह आणि रक्तदाब यांनी किडनीचे काय होते, हे मराठी घरांत वेगळे सांगायला नको. माझी साखर पहिल्या वर्षातच वाढली आणि मधुमेहाच्या गोळ्यांची फेरमांडणी करावी लागली. अंडकोष काढण्याची शस्त्रक्रिया केल्यास हे सगळे टळते, असा समज असलेलेही भेटतात. परंतु टेस्टोस्टेरॉन गेल्यामुळे होणारे बदल ते सुईने गेले की शस्त्राने, यावर अवलंबून नसतात.

आता या परीक्षणाचा मुख्य मुद्दा. इंजेक्शन सुरू झाल्यानंतर काही महिन्यांनी माझ्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.१ वरून १.० वर आले आणि तेथील तरुण डॉक्टर प्रसन्नपणे म्हणाले, “काका, किडनी तर आधीपेक्षा छान झाली आहे.” त्यांचा हेतू चांगला होता, पण हा निष्कर्ष या उपचारात धरून चालण्यासारखा नाही. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. स्नायू जेवढे कमी, तेवढे क्रिएटिनिन कमी तयार होते आणि किडनी जशीच्या तशी असली, किंबहुना थोडी मंदावली असली, तरी अहवालातील आकडा सुधारलेला दिसतो. हे इंजेक्शन स्नायू घटवते, ही काही दडलेली गोष्ट नाही. २००२ मधील एका अभ्यासात ल्यूप्रोलाइड घेणाऱ्या पुरुषांच्या शरीरातील चरबी ४८ आठवड्यांत ९.४ टक्क्यांनी वाढली आणि चरबी वगळता उरणारे वजन २.७ टक्क्यांनी घटले. एकूण वजन वाढते, पट्ट्याचे भोक पुढे सरकते, आणि मांड्या मात्र बारीक होतात.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे वाटेल. प्रयोगशाळा क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून किडनी किती वेगाने रक्त गाळते याचा ईजीएफआर नावाचा अंदाज काढते. सध्या प्रचलित असलेल्या २०२१ च्या सूत्रात ७२ वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.१ घातले तर उत्तर सुमारे ७१ येते, १.० घातले तर सुमारे ८०. म्हणजे दशांशाच्या एका घराने किडनी कागदावर नऊ गुणांनी सुधारते, प्रत्यक्षात मात्र मांडीचे मांस गेलेले असते. या सूत्राला तुमचे वय ठाऊक असते, तुमच्या मांड्या ठाऊक नसतात. उलट दिशेचा धोका अधिक गंभीर आहे : किडनी खरोखर मंदावू लागली, तरी घटलेल्या स्नायूंमुळे क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ चौकटीतच राहते आणि अहवालावर लाल अक्षर उमटत नाही.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. सिस्टॅटिन सी नावाचे प्रथिन शरीरातील जवळजवळ सर्व पेशी तयार करतात, त्यामुळे त्याची पातळी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. किडनीविकारांसाठी जगभर मार्गदर्शन करणाऱ्या केडिगो या संस्थेच्या २०२४ च्या सूचनांमध्ये ही तपासणी उपलब्ध असेल तेथे क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन सी दोन्ही मिळून अंदाज काढावा, असे म्हटले आहे. किडनीच्या डॉक्टरांकडे मी स्वतंत्रपणे गेलो तेव्हा त्यांनी ती तपासणी सुचवली आणि दोन्ही मिळून काढलेला माझा आकडा ८० च्या आसपास नव्हे, तर ६५ च्या थोडा खाली निघाला. घाबरण्यासारखे त्यात काही नव्हते, पण माझ्या गोळ्यांची यादी पुन्हा तपासण्याइतके निश्चित होते. सिस्टॅटिन सी हीही निर्दोष कसोटी नव्हे. थायरॉइडचा विकार, लठ्ठपणा आणि स्टेरॉइड यांमुळे ते हलते. अबिरॅटेरोन या प्रोस्टेटच्या कर्करोगावरील गोळीसोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण त्यांच्या बाबतीत किडनी प्रत्यक्षाहून वाईट दिसू शकते. लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे प्रमाणही क्रिएटिनिनशी भागून सांगितले जाते, म्हणून स्नायू घटलेल्या माणसात तोही आकडा थोडा फुगतो. सारांश काढायचा तो जाणकाराने, एका रकान्यावरून नव्हे.

किडनीचे प्रत्यक्ष नुकसान बहुतेक वेळा इंजेक्शनाच्या आसपासच्या गोष्टींतून होते, असे माझे मत झाले आहे. हॉर्मोन गेल्यावर सांधे आणि कंबर दुखू लागते. मग डायक्लोफिनॅकची गोळी, जी आपल्याकडे कोणत्याही दुकानात सहज मिळते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध एकाच गोळीत असलेले रुग्ण आपल्याकडे असंख्य आहेत. टेल्मिसार्टनसारखे औषध, लघवीचे औषध आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली की किडनीच्या गाळणीतील दाब कोसळू शकतो. त्यात रात्री सारखे उठावे लागू नये म्हणून पाणी तोडणारी आमची पिढी. उन्हाळ्यात एकदा जुलाब झाले की अचानक इजा व्हायला तेवढे पुरते. अठ्ठेचाळीस तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढले तरी वैद्यकीय व्याख्येनुसार ती किडनीची तीव्र इजा ठरते, आणि ज्याचे मूळ क्रिएटिनिन स्नायू घटल्यामुळे ०.८ वर आले आहे, त्याचे ते १.१ झाले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. रक्तदाबाची गोळी अर्थातच मनाने बंद करायची नाही. उलट्या-जुलाबांच्या दिवशी कोणती गोळी तात्पुरती थांबवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचे.

कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांना हाडे जपण्यासाठी झोलेड्रोनिक आम्लाचे सलाईन दिले जाते, त्याबाबत तर किडनीचा आकडा थेट मात्रा ठरवतो : क्रिएटिनिन क्लिअरन्स (क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याचा वेग) ६० च्या वर असेल तर ४ मिलिग्रॅम, त्याखाली टप्प्याटप्प्याने ३.५, ३.३ आणि ३ मिलिग्रॅम, आणि ३० च्या खाली हे औषध देऊ नये असा संकेत आहे. पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळात ते सोडायचे नसते, कारण घाईने किडनीला इजा होते. आकडाच स्नायूंमुळे फसवा असेल तर मात्राही चुकू शकते, हे वेगळे सांगायला नको. हाडांसाठीच्याच डेनोसुमॅब या इंजेक्शनाची मात्रा किडनीनुसार बदलावी लागत नाही, पण किडनी कमजोर असलेल्यांमध्ये त्याने कॅल्शियम धोकादायकरीत्या घटू शकते. अबिरॅटेरोनने रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते आणि अंगावर सूज येऊ शकते, म्हणून ती गोळी सुरू असताना या तीन गोष्टींवर नजर लागते.

सेवेबद्दल. मी जेथे इंजेक्शन घेतो त्या खासगी रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, कारण इतर रुग्णांशी बोलल्यावर असे दिसते की हा दोष एका इमारतीचा नाही. सिस्टर कुशल आहेत, सुई देण्याच्या तारखेची आठवण दूरध्वनीवर न चुकता येते, कोल्ड बॉक्स आणि औषधाची वैधता मागितल्यावर दाखवली जाते. पुढच्या इंजेक्शनाआधीच्या तपासण्यांचे जे ‘पॅकेज’ आहे, त्यात पीएसए आणि हिमोग्लोबिन आहे, क्रिएटिनिन मात्र ‘ऐच्छिक’ या सदरात टाकलेले आहे आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी, पोटॅशियम, लघवीतील अल्ब्युमिन यांचा पत्ताच नाही. दिलेल्या माहितीपत्रकात हाडांसाठी कॅल्शियम घ्या, चाला, पंखा जवळ ठेवा असे लिहिले आहे. वेदनाशामकांबद्दल एक ओळही नाही. कर्करोगाचे डॉक्टर पीएसए पाहतात, मधुमेहाचे डॉक्टर साखर पाहतात आणि सगळी औषधे एका कागदावर आणण्याचे काम रुग्णाच्या सुनेवर पडते. आमच्या घरी ते तिनेच केले, आणि त्या यादीवरूनच किडनीच्या डॉक्टरांनी माझी एकत्रित गोळी बदलली.

इंजेक्शनाच्या छापील किमतीत आणि प्रत्यक्ष द्याव्या लागणाऱ्या रकमेत मोठी तफावत असते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी चौकशी केल्याशिवाय घेऊ नये. याच कामाची, रोज घ्यायची रेलुगोलिक्सची गोळी अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये मान्य झाली. तिच्यातही सुरुवातीची उसळी नाही आणि मुख्य चाचणीत ल्यूप्रोलाइडच्या तुलनेत हृदयविकाराच्या मोठ्या घटना निम्म्याहून कमी दिसल्या. पण रोजची गोळी चुकवणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी तिमाही सुई बरी, म्हणून मी ल्यूप्रोलाइडवरच राहिलो आहे. औषधाचा एक तारा कापला तो सुरुवातीच्या उसळीसाठी आणि वाढलेल्या साखरेसाठी. सेवेचे अडीच तारे कापले ते पॅकेजमधील त्या ‘ऐच्छिक’ सदरासाठी, आणि सिस्टॅटिन सी तपासणीचा नमुना पुण्याला पाठवून तिचे वेगळे पैसे भरण्याची वेळ ज्याच्यावर आली, त्याला ती का हवी हेही त्या खिडकीवर समजावून सांगावे लागले यासाठी.